‘खुले’ म्हणजे ‘मुक्त’ नव्हे

सार्वजनिक जीवनात काही वाद असे असतात, की दुरून पाहणाऱ्याला ते निव्वळ शब्दच्छल वाटावेत. वस्तू एकच, नावे दोन. दोन्ही नावांचे पुरस्कर्ते एकाच कामात गुंतलेले. आणि तरीही एक पक्ष दुसऱ्याचे नाव स्वीकारायला तयार नाही, हे पाहून या मंडळींना दुसरा उद्योग नसावा असा निष्कर्ष काढून व्यवहारी माणूस मोकळा होतो. संगणकाच्या क्षेत्रात ‘मुक्त सॉफ्टवेअर’ आणि ‘ओपन सोर्स’ या दोन नावांभोवती १९९८ पासून चालत आलेला वाद असाच समजला जातो. जाणकारांपैकीही अनेकांनी तो कधीच निकालात काढला आहे. तथापि बँकांचे व्यवहार, सरकारी दप्तरे, शाळांचे निकाल आणि प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल ज्या आज्ञावल्यांवर चालतो, त्यांच्यावर अखेर हुकमत कोणाची, हा प्रश्न या वादाच्या पोटात आहे. तेव्हा तो केवळ शब्दांचा म्हणून सोडून देण्यापूर्वी त्याचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

आज्ञावलीची दोन रूपे असतात. प्रोग्रॅमर ती लिहितो ते माणसाला वाचता येणारे रूप. त्याला सोर्स कोड म्हणतात. यंत्र चालवते ते दुसरे रूप म्हणजे नुसती अंकांची रास असते. हे दुसरे रूप हाती असले की आज्ञावली चालवता येते. पण ती आत काय करते हे पाहता येत नाही आणि तिच्यात फेरफारही करता येत नाही. बहुतेक व्यापारी सॉफ्टवेअर ग्राहकाला मिळते ते याच दुसऱ्या रूपात, आणि तेही परवान्याच्या अटींनी हातपाय बांधून. सोर्स कोड कंपनीपाशीच राहतो.

हे नेहमीच असे नव्हते. १९६० आणि १९७० च्या दशकांत विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून आज्ञावल्यांची देवघेव सहज होत असे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी हे वातावरण विरताना पाहिले. तेथील जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला, की ज्यांचे काम खोळंबले असेल त्यांच्या पडद्यावर तशी सूचना जावी, अशी सोय आज्ञावलीत फेरफार करून करण्यात आली होती. पुढे झेरॉक्स कंपनीचे नवे लेसर छपाईयंत्र आले. त्यातही कागद अडके; पण त्याच्या आज्ञावलीचा सोर्स कोड मिळेना. तो ज्याच्यापाशी होता, त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने तो कोणालाही न देण्याचा करार केलेला होता. प्रसंग क्षुल्लक म्हणता येईल. परंतु आपल्याच दालनातील यंत्र दुरुस्त करण्याची क्षमता अंगी असूनही ते करण्याची मुभा नाही, ही त्यातून निघणारी गोष्ट क्षुल्लक नव्हती.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ नावाची संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९८५ साली ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. मुक्त सॉफ्टवेअरची त्यांची व्याख्या चार स्वातंत्र्यांची आहे : आज्ञावली कोणत्याही हेतूने चालवण्याचे, तिचा अभ्यास करून ती आपल्या गरजेप्रमाणे बदलण्याचे, तिच्या प्रती इतरांना देण्याचे, आणि बदललेल्या प्रतीही इतरांना देण्याचे. यांपैकी एकही नसेल तर ती आज्ञावली मुक्त नाही, मग ती कितीही उत्तम असो वा फुकट मिळो. १९८९ साली त्यांनी ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना सिद्ध केला. त्यातील युक्ती मोठी मार्मिक आहे. कॉपीराइटचा कायदा एरवी नक्कल करण्यास मनाई करण्यासाठी वापरला जातो. या परवान्याने त्याच कायद्याच्या आधारे अशी अट घातली, की ज्याला ही आज्ञावली पुढे वाटायची असेल त्याने घेणाऱ्यालाही हीच स्वातंत्र्ये द्यावीत आणि सोर्स कोडही द्यावा. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिहायला घेतलेला ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आला, आणि ‘ग्नू’ची अपुरी राहिलेली इमारत उभी राहिली.

नामांतर का झाले?

जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड सर्वांना खुला करण्याचे जाहीर केले. या घटनेचा लाभ घेऊन व्यापारी जगाला ही पद्धत पटवून द्यावी, या हेतूने ३ फेब्रुवारी रोजी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे काही मंडळी जमली आणि तेथे क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेले ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आले. एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी त्याच महिन्यात ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन केली. ‘डेबियन’ या स्वयंसेवी प्रकल्पासाठी आदल्या वर्षी पेरेन्स यांच्याच पुढाकाराने तयार झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांवरून दहा कलमांची व्याख्या बेतण्यात आली.

या नामांतराला दोन कारणे देण्यात आली. पहिले भाषेचे. इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हटले की ऐकणाऱ्याला स्वातंत्र्याआधी फुकटेपणा आठवतो. ही अडचण खरी होती. पण ती इंग्रजीची होती. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ यांची गल्लत कोणी करणार नाही. कैदी मुक्त होतो, फुकट होत नाही; जेवण फुकट मिळते, मुक्त मिळत नाही. तेव्हा इंग्रजीने आपल्या अडचणीपोटी शोधलेला तोडगा आपण आपल्या भाषेत डोळे मिटून घ्यावा, याला काही कारण नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. स्वातंत्र्य, नीती, समाजाचे हित ही भाषा उद्योगपतींच्या कानाला रुचत नाही. त्यांच्यापुढे जायचे तर या पद्धतीने अधिक चांगले, अधिक विश्वसनीय आणि अधिक स्वस्त सॉफ्टवेअर निर्माण होते एवढेच सांगावे, असा हा विचार होता. म्हणजे नुसती पाटी बदलली नाही, युक्तिवादच बदलला. स्वतः पेरेन्स यांना ते लवकरच खटकले. फेब्रुवारी १९९९ मध्ये, संस्थेला वर्ष पुरे होते न होते तोच, आता पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरविषयी बोलण्याची वेळ आली आहे, असे जाहीर करून ते तिच्यापासून बाजूला झाले.

भेद नाही म्हणणाऱ्यांची बाजू

भेद निरर्थक आहे असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या परवान्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या जवळजवळ एकच निघतात. लिनक्स, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांना दोन्ही नावे लागू पडतात. आणि फलिताकडे पाहिले तर नव्या नावाचे यश विस्मयकारक आहे. २००१ या एका वर्षात लिनक्सवर १०० कोटी डॉलर खर्च करण्याचे आयबीएमने जाहीर केले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती; त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ साली ओपन सोर्सचे माहेरघर समजले जाणारे ‘गिटहब’ ७५० कोटी डॉलरना विकत घेतले. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तिच्यातील एकूण एक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आहेत. नीतीची प्रवचने देत बसले असते तर हे घडले नसते, असे कोणी म्हटले तर त्याला सहजासहजी उत्तर देता येणार नाही.

परंतु यश कशाला म्हणावयाचे, हाच तर खरा प्रश्न आहे. महाराष्ट्राला या प्रकारचा वाद अपरिचित असू नये. इंग्रजांनी रेल्वे आणली, तारायंत्र आणले, कायद्याचे राज्य आणले, असे सांगून त्या राजवटीचे समर्थन करणारे आपल्याकडे होते, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. रेल्वे वाईट धावते, असे काही स्वराज्याच्या पुरस्कर्त्यांनी त्यांना उत्तर दिले नाही. कारभार कितीही चांगला असला तरी तो आपल्या हाती नसेल तर दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो, आणि मर्जी फिरली की दाद मागायला जागा उरत नाही, हे त्यांचे उत्तर होते. परक्या सत्तेखालील देश आणि परक्याच्या परवान्याखालील यंत्र यांची तुलना फार ताणण्यात अर्थ नाही; पण युक्तिवादाची जात एकच आहे. ओपन सोर्सचा पक्ष सुराज्याची भाषा बोलतो, मुक्त सॉफ्टवेअरचा पक्ष स्वराज्याची. दोघे बराच काळ एकाच रस्त्याने जाऊ शकतात. सोय एका बाजूला आणि स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूला, असा फाटा आला, की मग कोण कोठे वळतो हे दिसते. आणि गेल्या पंचवीस वर्षांत असे फाटे वारंवार आले आहेत.

मर्जी फिरली तेव्हा

त्यांतला पहिला खुद्द लिनक्सच्याच वाटेवर आला. २००२ साली टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी ‘बिटकीपर’ ही आज्ञावली स्वीकारली. जगभरातील शेकडो प्रोग्रॅमर एकाच मजकुरात बदल करीत असताना कोणता बदल कोणाचा आणि कधीचा, याची नोंद व जुळणी ठेवण्याचे हे साधन होते. ते उत्कृष्ट होते आणि कंपनीने ते लिनक्सच्या कामाला फुकट देऊ केले होते. पण ते मुक्त नव्हते. त्याचा सोर्स कोड मिळत नव्हता, आणि फुकट वापरणाऱ्याने तशाच प्रकारचे दुसरे साधन तयार करू नये, अशीही अट होती. स्टॉलमन आणि इतर काहींनी आक्षेप घेतले. कामाला सर्वांत चांगले ते साधन वापरावे, हे टॉरव्हाल्ड्स यांचे उत्तर होते. आणि ओपन सोर्सच्या चौकटीत ते बिनतोड होते. गुणवत्ता हाच निकष असेल, तर गुणवान पण बंदिस्त असे साधन नाकारायचे कशाच्या आधारावर?

२००५ साली ऑस्ट्रेलियातील प्रोग्रॅमर अँड्र्यू ट्रिजेल यांनी या साधनाशी जोडून घेऊ शकेल अशी स्वतंत्र आज्ञावली लिहिण्याचा प्रयत्न केला. कंपनीला ते मान्य झाले नाही, आणि तिने फुकट परवाना मागे घेतला. जगातील एक अग्रगण्य ओपन सोर्स प्रकल्प एका कंपनीच्या निर्णयाने आपल्या अवजारावाचून उघडा पडला. टॉरव्हाल्ड्स यांनी त्याच एप्रिल महिन्यात ‘गिट’ लिहायला घेतले आणि ते पुढे जगभर रूढ झाले, हा त्यांच्या प्रतिभेचा भाग झाला. प्रत्येक संस्थेच्या पदरी टॉरव्हाल्ड्स नसतो. एखाद्या नगरपालिकेच्या वा सहकारी बँकेच्या वापरातील सॉफ्टवेअर असे अचानक काढून घेतले गेले, तर तिला काही आठवड्यांत दुसरे कोण लिहून देणार?

कुलूपबंद खुलेपणा

दुसरा फाटा यंत्रांच्या बाबतीत आला. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम साठवून ठेवणारे ‘टिव्हो’ हे यंत्र अमेरिकेत १९९९ पासून विकले जाऊ लागले. त्यात लिनक्स होते, आणि परवान्याप्रमाणे कंपनी त्याचा सोर्स कोडही देत होती. ग्राहकाने तो खुशाल वाचावा, बदलावा. मात्र बदललेल्या आज्ञावलीवर कंपनीची डिजिटल सही नसली, तर यंत्र ती चालवण्यास नकार देई. ओपन सोर्सच्या दहा कलमांपैकी एकाचाही येथे भंग होत नाही. बदल करण्याचे स्वातंत्र्य कागदावर शाबूत, व्यवहारात शून्य. २००७ साली ‘जनरल पब्लिक लायसन्स’ची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात अशा कुलपाला प्रतिबंध करणारे कलम घालण्यात आले. टॉरव्हाल्ड्स यांना ते पटले नाही. यंत्र कसे असावे हे सांगणे आज्ञावलीच्या परवान्याचे काम नव्हे, असे त्यांचे मत पडले, आणि लिनक्स आजही दुसऱ्याच आवृत्तीखाली आहे. परवान्यांच्या याद्या जुळतात की नाही, हा प्रश्न येथे गौण ठरतो. एकाच घटनेत एका पक्षाला काहीच बिघडलेले दिसत नाही आणि दुसऱ्याला मुद्द्याचे तेवढेच हरवलेले दिसते. याहून मोठा भेद दोन विचारांत कोणता असू शकतो?

टिव्हो आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. पण त्याच जातीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे आणि त्याचा मोठा भाग ओपन सोर्स आहे. तरीही पदरचे पैसे देऊन घेतलेल्या मोबाइलमध्ये कंपनीने भरून दिलेली कित्येक ॲप्स मालकाला काढून टाकता येत नाहीत. अनेक मोबाइलमध्ये दुसरी प्रणाली बसवता येत नाही. आणि कंपनीने सुधारणा पाठवणे थांबवले की धडधाकट यंत्र वापरणे जोखमीचे होऊन बसते. ओपन सोर्सचा एवढा मोठा विजय दुसरा झाला नसेल, आणि तरी त्या विजयानंतरही वापरणारा होता तेथेच राहिला.

गुणवत्तेचा पाया

ओपन सोर्सची भिस्त ज्या दाव्यावर आहे तो असा, की पाहणारे डोळे पुष्कळ असले की दोष लपून राहत नाहीत. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरील गोपनीय व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत तो दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर पडून होता. मोठमोठ्या कंपन्या ती आज्ञावली वापरीत होत्या. तिची देखभाल करणारे मात्र मूठभर होते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या आज्ञावलीतील दोषाने तोच धडा पुन्हा दिला. मार्च २०२४ मध्ये तर ‘एक्सझेड’ या लहानशा आज्ञावलीत कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ सज्जन सहकाऱ्याचे सोंग घेऊन चोरदरवाजा बसवल्याचे निष्पन्न झाले. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांच्या ते ध्यानात आले, तेही आपल्या यंत्रात शिरताना अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो याचा शोध घेत असताना.

यावरून बंदिस्त सॉफ्टवेअर अधिक सुरक्षित असते असे मुळीच ठरत नाही. फ्रॉइंड यांना मुळापर्यंत जाता आले ते सोर्स कोड समोर होता म्हणूनच. ठरते ते एवढेच, की गुणवत्ता कधी असते, कधी नसते. ती पैसा, माणसे आणि लक्ष यांवर अवलंबून असते. चांगले आहे म्हणून घ्या, असे सांगून ज्याला आणले, तो याहून चांगले मिळाले म्हणत उद्या निघून जाईल, आणि त्याला थांबवण्यासारखे आपल्यापाशी काही उरणार नाही. स्वातंत्र्याचा युक्तिवाद अशा दोषांनी डळमळत नाही. छप्पर गळते म्हणून कोणी स्वतःचे घर सोडून भाड्याच्या खोलीत जात नाही. तो छप्पर शाकारून घेतो, आणि ते करण्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

शब्दाची झीज

ज्या शब्दातून हेतू काढून टाकला जातो, त्या शब्दाचा ताबा बाजार घेतो. मेटा कंपनी आपली ‘लामा’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल्स ओपन सोर्स म्हणून मिरवीत आली. २०२३ साली आलेल्या ‘लामा २’च्या परवान्यात मात्र ज्यांच्या सेवा महिन्याला ७० कोटींहून अधिक लोक वापरतात त्यांनी मेटाची वेगळी परवानगी घ्यावी अशी अट आहे आणि काही उपयोगांना मनाई आहे; शिवाय ही मॉडेल्स कोणत्या मजकुरावर घडवली ती सामग्रीही उघड केलेली नाही. हे ओपन सोर्स नव्हे, असे ओपन सोर्स इनिशिएटिव्हला जाहीरपणे सांगावे लागले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र व्याख्या प्रसिद्ध केली. त्या व्याख्येत काय आहे? वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि इतरांना देणे ही चार स्वातंत्र्ये. नीतीचा वास नको म्हणून जे शब्द १९९८ साली मागे ठेवले होते, तेच पंचवीस वर्षांनी स्वतःच्या नावाची अब्रू राखण्यासाठी बाहेर काढावे लागले.

परवाने बदलण्याच्या प्रकारांतूनही हेच दिसते. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशीकॉर्प कंपनीने ‘टेराफॉर्म’ या आज्ञावलीचा ओपन सोर्स परवाना बदलून स्पर्धकांना दार बंद केले. तोवर बाहेरच्या अनेकांनी तिच्यात आपले श्रम ओतलेले होते. पूर्वीच्या परवान्याने दिलेली स्वातंत्र्ये परत घेता येत नसल्यामुळे काही जणांना जुन्या प्रतीवरून ‘ओपनटोफू’ ही स्वतंत्र शाखा काढता आली, हे त्यातले समाधान. खुलेपणा ज्याच्या लेखी धोरण असते, तो परिस्थिती पालटली की धोरण पालटतो. वापरणाऱ्यांना तारले ते एकदा दिलेल्या हक्काने.

आपला संबंध

हा सारा अमेरिकेतील कंपन्यांचा खटाटोप आहे, त्याच्याशी आपल्याला काय करायचे, असे कोणी म्हणेल. भारत सरकारने मार्च २०१५ मध्ये सरकारी कामकाजात ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या वापराचे धोरण जाहीर केले. सोर्स कोडचा अभ्यास, त्यात बदल आणि त्याचे वाटप करता आले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे; म्हणजे नाव ओपन सोर्सचे असले तरी आशय मुक्त सॉफ्टवेअरच्या जवळचा आहे. उद्दिष्टांत मात्र सरकारी व्यवस्थांवर दीर्घकालीन नियंत्रण राखणे आणि खर्च कमी करणे यांवर भर आहे. दोन्ही उद्दिष्टे योग्यच आहेत; पण ती राज्यसंस्थेची आहेत. राज्यसंस्थेचे स्वातंत्र्य आणि नागरिकाचे स्वातंत्र्य एकच नव्हे. लिनक्सवर चालणारी सरकारी व्यवस्थाही नागरिकाला पूर्ण अंधारात ठेवू शकते. केरळने थोडी वेगळी वाट धरली. २००१ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भारतातील भगिनीसंस्था तिरुवनंतपुरम येथे सुरू झाली, आणि त्या दशकात राज्याच्या शालेय संगणकशिक्षणाने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले. तेथे परवान्यांचे पैसे वाचले हे खरेच. परंतु प्रणाली मल्याळममध्ये आणणे, शाळांच्या गरजेप्रमाणे ती बदलणे आणि त्यासाठी शिक्षक तयार करणे ही कामे राज्यातच झाली, याचे मोल अधिक आहे.

मराठीला तर या प्रश्नाची झळ प्रत्यक्ष बसलेली आहे. संगणकावर मराठी अक्षरजुळणी सुरू झाली ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटवर, आणि प्रत्येकाची अंतर्गत संकेतरचना वेगळी. एका फाँटमध्ये जुळवलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे. पुस्तके, नियतकालिके आणि कचेऱ्यांची दप्तरे वर्षानुवर्षे अशा संकेतांत अडकून पडली. लिहिणारा मराठी, वाचणारा मराठी, आणि किल्ली मात्र विक्रेत्याकडे, अशी ही अवस्था होती. युनिकोड या सामायिक संकेतरचनेने पुढे ही कोंडी फोडली. तरी जुन्या मजकुराचे रूपांतर हे आजही अनेकांच्या डोक्यावरचे ओझे आहे. रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली दिलेला ‘लोहित’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हे देवनागरी फाँट आज कोणालाही वापरता, बदलता आणि पुढे देता येतात. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांची मराठी रूपे घडवण्यात स्वयंसेवकांचा मोठा हात आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात मराठी मातृभाषा असलेले सुमारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. पण बाजाराच्या हिशेबात त्यांचे वजन त्यांच्या संख्येइतके नाही. एखाद्या कंपनीला मराठीची सोय पुरवणे ज्या दिवशी परवडेनासे होईल, त्या दिवशी ती सोय बंद होईल, आणि त्याबद्दल कंपनीला दोष देण्यातही अर्थ असणार नाही. त्या वेळी मराठी भाषकांच्या हाती काय उरेल, हे आधी कोणते हक्क मिळवून ठेवले होते यावर ठरेल. फुकट मिळालेली सोय कंपनीबरोबर निघून जाते. मुक्त असलेली सोय दुसरा कोणी उचलून पुढे चालवू शकतो.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की शंभरातील नव्याण्णव माणसे जन्मात कधी सोर्स कोड पाहणार नाहीत. त्यांना हे स्वातंत्र्य काय कामाचे? शंभरातील नव्याण्णव माणसे वृत्तपत्रांतही कधी लिहीत नाहीत. तरीही वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य गेले की त्याची किंमत त्या नव्याण्णवांनाच मोजावी लागते, हे या देशाने १९७५ ते १९७७ या काळात अनुभवले आहे. स्वातंत्र्याचा उपयोग प्रत्यक्ष करणारे नेहमीच थोडे असतात. त्याचे संरक्षण सर्वांना मिळते. आपल्या यंत्रात काय चालले आहे हे आपल्याला कळले नाही तरी ते पाहू शकणारा, दुरुस्त करू शकणारा आणि गैरप्रकार असेल तर ओरडून सांगू शकणारा कोणीतरी असावा, एवढेच सामान्य माणसाचे मागणे असते.

दुसरा आक्षेप अतिरेकाचा. स्टॉलमन यांचा आग्रह टोकाचा आहे, यात शंका नाही. त्यांच्या वक्तव्यांवरून वादळ उठून २०१९ साली त्यांनी फाउंडेशनचे अध्यक्षपद सोडले, आणि २०२१ साली ते संचालक मंडळावर परतले तेव्हाही तीव्र टीका झाली. पण तत्त्वाची पारख त्याच्या प्रवर्तकाच्या स्वभावावरून करावयाची नसते. रुग्णालयातील यंत्र आज चालले पाहिजे, कार्यालयातील पगारपत्रके महिनाअखेर निघाली पाहिजेत. तेथे मुक्त पर्याय नसेल तर बंदिस्त सॉफ्टवेअर वापरावे लागेल, आणि त्याबद्दल कोणाला पापी ठरवण्याचे कारण नाही. मात्र ती तडजोड आहे याचे भान ठेवून ती करावी. ‘मुक्त’ हा शब्द जिवंत असेल तर हे भान राहते. तो विस्मरणात गेला की तडजोड हीच रीत होऊन बसते.

म्हणून या भेदाला महत्त्व आहे. ओपन सोर्सच्या पुरस्कर्त्यांशी भांडण मांडण्याची गरज नाही; त्यांच्या श्रमांचे ऋण सारे जग वागवीत आहे. गरज आहे ती सार्वजनिक पैशातून सॉफ्टवेअर घेताना केवळ ‘ओपन’ या शिक्क्यावर समाधान न मानण्याची. सरकारने, विद्यापीठांनी, शाळांनी आणि ग्रंथालयांनी निविदा काढताना चार प्रश्न विचारावेत. हे आम्हाला हवे तसे चालवता येईल काय? आत काय आहे ते पाहून बदलता येईल काय, आणि बदललेले आमच्याच यंत्रावर चालेल काय? दुसऱ्याला देता येईल काय? बदललेले देता येईल काय? चारही उत्तरे होकारार्थी असतील तर त्या वस्तूला कोणत्याही नावाने हाक मारावी. एकही उत्तर नकारार्थी असेल, तर आपण दुसऱ्याच्या मर्जीवर आपला कारभार उभा करीत आहोत, हे त्या निविदेवर सही करणाऱ्याला आणि तिचे पैसे भरणाऱ्या जनतेला आधीच ठाऊक असले पाहिजे.